गुरू-शनीचा फोटो सारखा धूसर येतोय? स्क्रूला हात लावायच्या आधी हे बघून घ्या

आयपीसला डोळा लावला की गुरूचे दोन पट्टे स्वच्छ दिसतात, बाजूला चार चंद्र ओळीनं दिसतात, आणि कॅमेरा लावला की स्क्रीनवर नुसता पांढरा गोळा. ही तक्रार घेऊन आलेल्या इतक्या जणांच्या दुर्बिणीशेजारी मी रात्री उभा राहिलोय की आता एकदा सगळं सविस्तर लिहून काढतोय. बहुतेक वेळा दुर्बिणीत बिघाड नसतोच. तरी लोक सगळ्यात आधी काय करतात, तर कॉलिमेशनचे, म्हणजे आरसे एका रेषेत जुळवायचे, स्क्रू फिरवतात, मग मूळची अडचण होती तिथेच राहते आणि वर आरसा हलल्याची नवी अडचण पदरात पडते, आणि त्यानंतर नेमकं काय चुकतंय हे शोधणं दुप्पट अवघड होतं. म्हणून खाली फुकटात आणि दोन मिनिटांत होणाऱ्या गोष्टी आधी घेतल्यात, स्क्रू आणि खोलाखोली अगदी शेवटी. हा क्रम पाळा एवढंच सांगणं आहे.

आधी लक्षणं

धूसर म्हणजे नक्की कसं, हे आधी ठरवा. स्क्रीनवर ग्रह मोठा करा आणि निदान एक मिनिटभर काहीही न करता नुसतं बघत राहा. घाईत एक फोटो बघून काही कळत नाही.

गोळा पूर्ण पांढरा आहे, आत एकही पट्टा नाही, पण चंद्र मात्र ठळक दिसतायत: एक्स्पोजर जास्त झालंय.

ग्रह वाहत्या पाण्याच्या तळाशी ठेवल्यासारखा हलतोय, कडा उकळतायत, पण मधेच अर्धा सेकंद एकदम स्वच्छ होतोय: हवा. ती वरची हवा आहे की तुमच्या नळीतली, ते पुढे बघू.

सगळीकडून सारखाच मऊ आहे आणि कधीच, एका क्षणासाठीही स्वच्छ होत नाही: फोकस, नाहीतर काचेवर दव.

एका बाजूची कड रेखीव आणि समोरच्या बाजूची पसरलेली, किंवा गुरूच्या चंद्राला एकाच दिशेला छोटी शेपटी: कॉलिमेशन असू शकतं. असू शकतं म्हणतोय, कारण नळीत अडकलेली गरम हवाही हुबेहूब असंच करते.

एक कड निळी आणि बरोबर समोरची लाल: ग्रह खाली आहे, हवेनं रंग वेगळे केलेत.

प्रतिमा दुहेरी किंवा एका दिशेला ताणलेली: हादरे, वारा, ट्रॅकिंग (ग्रहाच्या मागे दुर्बीण फिरवत ठेवणं).

व्हिडिओ बरा आहे पण अंतिम फोटोत पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशी एकात एक वर्तुळं आलीत, कडेला पांढरी रेघ आलीये: दोष आकाशातही नाही आणि दुर्बिणीतही नाही, तो प्रोसेसिंगमध्ये आहे.

यातली दोन-तीन लक्षणं एकत्रही असतात. तेव्हा वरून खाली एकेक काढत जायचं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

ग्रह किती वर आहे आणि किती मोठा आहे

याला काहीच खर्च नाही, स्टेलेरियमसारखं कुठलंही ॲप उघडून ग्रहाची क्षितिजापासूनची उंची बघा. ग्रह ३० अंशांवर असेल तर त्याचा प्रकाश डोक्यावरच्या ग्रहाच्या दुप्पट हवेतून येतो, २० अंशांवर जवळजवळ तिप्पट. एवढ्या हवेतून आलेला प्रकाश कुठलीही दुर्बीण सरळ करू शकत नाही. संध्याकाळी ग्रह उगवला की लगेच शूट करणारे खूप आहेत, त्यांना मी इतकंच सांगतो की दोन-तीन तास थांबा, तो ४५-५० अंशांवर येऊ द्या, आणि मग काय तक्रार आहे ते सांगा. निम्मे परत येत नाहीत.

आकारही बघाच. प्रतियुतीच्या, म्हणजे ग्रह सूर्याच्या बरोबर समोर येतो त्या, सुमारास गुरू ४५ ते ५० आर्कसेकंद (अंशाचा ३६००वा भाग म्हणजे एक आर्कसेकंद) दिसतो, सूर्याच्या पलीकडे गेला की ३०-३२ वर येतो. मंगळाचं तर विचारूच नका, २०१८ मध्ये तो २४ आर्कसेकंदांपर्यंत गेला होता, २०२५ च्या जानेवारीतल्या प्रतियुतीला साडेचौदा, २०२७ च्या फेब्रुवारीत चौदाच्या आत, आणि अधल्यामधल्या काळात चार-पाच. पाच आर्कसेकंदांच्या मंगळावर तपशील येत नाही म्हणून दुर्बीण उघडायची नसते. शनीचंही तसंच, २०२५ च्या मार्चमध्ये पृथ्वी त्याच्या कड्यांच्या पातळीत आली होती, त्यानंतर कडी हळूहळू उघडतायत. आधीच्या वर्षांतल्या फोटोतला रुंद कड्यांचा शनी डोळ्यांसमोर ठेवून आज कॅसिनीची फट (कड्यांमधली काळी रेघ) कुठे गेली म्हणून शोधलं तर निराशा होणारच.

एक्स्पोजर

पांढऱ्या गोळ्याच्या दहापैकी आठ-नऊ तक्रारी इथेच संपतात. स्क्रीनवर सगळीकडे काळोख आणि मधे एवढासा उजेड, त्यामुळे ऑटोवर ठेवलेला कॅमेरा काळोखच उजळवायला जातो आणि ग्रह जळून जातो. गुरू रात्री दिसत असला तरी त्याच्यावर भर दुपारचं ऊन पडलेलं आहे, हे लक्षात ठेवा.

मोबाईल असेल तर ग्रहावर बोट दाबून धरा, फोकस आणि एक्स्पोजर लॉक होईल, मग बोट खाली ओढून उजेड कमी करत जा, पट्टे दिसायला लागेपर्यंत. मोठा कॅमेरा असेल तर मॅन्युअलवर न्या. ग्रहांसाठीचा यूएसबी कॅमेरा असेल तर फायरकॅप्चर किंवा शार्पकॅपमध्ये हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) उघडा आणि तो ६०-७० टक्क्यांपर्यंत जाईल असं ठेवा, १०० ला कधीच टेकू देऊ नका. गुरूला ५ ते १५ मिलिसेकंद, शनीला २० ते ४० इथून सुरुवात करा. शनीला जास्त का, तर तो सूर्यापासून गुरूच्या जवळपास पावणेदोन पट लांब आहे, ऊनच कमी पोचतं. उजेड कमी पडला तर एक्स्पोजर लांबवण्यापेक्षा गेन, म्हणजे कॅमेऱ्याची संवेदनशीलता, वाढवा. दाणे दिसतील, दिसू देत, ते पुढे हजारो फ्रेम एकत्र केल्यावर निघून जातात, पण लांब एक्स्पोजरमध्ये हवेनं फासलेला पट्टा परत जोडता येत नाही.

आणि एकाच एक्स्पोजरमध्ये पट्टेही हवेत आणि मंद चंद्रही ठळक हवेत, हा हट्ट सोडा. दोन वेगळे व्हिडिओ घ्या.

दुर्बीण गार झालीये का

यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण सगळ्यात जास्त फोटो इथे वाया जातात आणि सगळ्यात कमी लोकांना याचा संशय येतो.

घरातून बाहेर आणलेली दुर्बीण बाहेरच्या हवेपेक्षा गरम असते. आरशाच्या जाड काचेतून ती ऊब तासभर तरी निघत राहते, आणि निघालेली गरम हवा नळीतूनच वर चढते, म्हणजे नेमकी तुमच्या प्रकाशाच्या वाटेवर. रस्त्यावर उन्हात लांबचं मृगजळ हलतं तसाच प्रकार, फक्त तो नळीच्या आत चाललेला असतो. ६ इंची रिफ्लेक्टरला (आरशाच्या दुर्बिणीला) पाऊण तास, ८ इंचीला तास-दीड तास मी धरूनच चालतो. श्मिट-कॅसेग्रेन आणि माक्सुटोव्ह या आरसा आणि पुढे काच असलेल्या दुर्बिणी पुढून बंद असतात, त्यातली हवा बाहेर पडायला वाटच नसते, त्यांना याहून जास्त लागतो. छोट्या रिफ्रॅक्टरला (नुसत्या भिंगांच्या दुर्बिणीला) वीस-पंचवीस मिनिटं पुरतात.

हे खरं वाटत नसेल तर स्वतः बघा. एक ठळक तारा आयपीसमध्ये घ्या आणि फोकस बराच बाहेर न्या म्हणजे ताऱ्याची मोठी तबकडी होईल. आता उघड्या नळीच्या तोंडासमोर एक हात धरा. तबकडीत तुमच्या बोटांची सावली दिसेल, आणि त्या सावलीच्या कडेनं, पेटत्या उदबत्तीवरून धूर जावा तसे लोट वर उठताना दिसतील. ती तुमच्या तळहाताची ऊब आहे. हात काढा आणि बघत राहा. तशाच सावकाश सरकणाऱ्या रेघा हात नसतानाही दिसत असतील, किंवा तबकडी एका बाजूला सतत फुगलेली असेल, तर तो आरसा अजून गरम आहे. त्याउलट सगळी तबकडी एकाच दिशेनं झपाझप वाहताना दिसली तर ती वरच्या थरांतली वेगवान हवा आहे, तिला इलाज नाही, दुसरी रात्र.

एकदा एका मित्राच्या ८ इंची दुर्बिणीवर आम्ही सलग दोन संध्याकाळी कॉलिमेशन केलं, दोन्ही वेळा गुरूची एक कड फासलेलीच. तिसऱ्या दिवशी तो आधी जेवून घेऊ म्हणाला, दुर्बीण बाहेर ठेवून आम्ही आत गेलो आणि दोन तासांनी परतलो. काहीही न करता कड रेखीव झाली होती, आणि आयो या चंद्राची सावली गुरूवर सुईनं टोचल्यासारखा काळा ठिपका होऊन सरकत होती. त्या दोन संध्याकाळी आम्ही जे स्क्रू फिरवले त्यांची काहीच गरज नव्हती.

मागे पंखा असेल तर लावा. नसेल तर वाट बघा, बाकी काही नको.

जागेबद्दलही इथेच सांगतो. दिवसभर तापलेली सिमेंटची गच्ची मध्यरात्रीपर्यंत ऊब सोडत राहते, गवत किंवा माती लवकर निवते. समोर कुणाच्या एसीचं बाहेरचं युनिट किंवा धुराडं असेल आणि ग्रह नेमका त्यावर असेल तर जागा बदला. आणि खिडकीच्या काचेतून कधीच नाही. उघड्या खिडकीतूनही नाही, आतली-बाहेरची हवा तिथेच घुसळत असते.

फोकस

स्क्रीनवर लहरणाऱ्या ग्रहावर फोकस करणं खरंच अवघड आहे, मला अजूनही वेळ लागतो. ग्रहाच्या कडेवर करू नका, कड फसवते. गुरूचा एखादा चंद्र घ्या आणि तो लहानात लहान ठिपका होईल तिथे थांबा. शनीला कड्यांची टोकं आणि कॅसिनीची फट बघा. ही फट पाऊण आर्कसेकंदाच्या आसपास, त्यामुळे ती कड्यांच्या टोकांशी जराशी जरी दिसली तरी फोकस जागेवर आहे समजायचं. जवळच्या ठळक ताऱ्यावर बाहटिनोव्ह मास्क (दुर्बिणीच्या तोंडावर बसवायची खाचांची जाळी) लावून केलं तर आणखी सोपं.

पद्धत अशी: सावकाश फिरवत फोकसच्या पलीकडे जा, मग परत या, परत पलीकडे, दर वेळी फेरा कमी करत. चाक फिरवलं की हात काढा, हादरा थांबू द्या, तीन-चार सेकंद बघा, मगच ठरवा. श्मिट-कॅसेग्रेनमध्ये आतला आरसाच पुढे-मागे सरकतो, त्यात शेवटचा फेरा नेहमी घड्याळाच्या उलट दिशेनं द्या, म्हणजे आरसा वजनाच्या विरुद्ध ढकलला जाऊन जागेवर बसतो, नंतर घसरत नाही. आणि तापमान उतरतं तसा फोकसही सरकतो, दर वीस मिनिटांनी परत तपासा. एकदा केला म्हणजे रात्रभराचं काम झालं, असं नसतं.

रिफ्लेक्टरला मोठा कॅमेरा लावल्यावर फोकसच येत नसेल, फोकसर पूर्ण आत गेला तरी प्रतिमा मोठीच, तर दुर्बीण बिघडलेली नाही, फोकसचं प्रतल कॅमेऱ्याच्या सेन्सरपर्यंत पोचतच नाहीये. मधे बार्लो (प्रतिमा मोठी करणारं भिंग) लावा, ती फोकस बाहेर ढकलते, ग्रहांना तशीही ती लागतेच.

काहीच जमत नसेल तर टॉर्च घेऊन पुढची काच किंवा छोटा आरसा तिरका बघा. दव बसलं असेल तर पुसू नका, पुसलेल्या कोटिंगवर ओरखडे राहतात ते कायमचे. लांबून हलक्या कोमट हवेनं उडवा आणि पुढे कागदाची किंवा फोमची लांब नळी गुंडाळून लावा. थोडी धूळ असेल तर ती राहू द्या, धुळीनं ग्रहाचा फोटो धूसर होत नाही.

हादरे आणि ट्रॅकिंग

तिपाईचे पाय पूर्ण लांबवू नका, खाली मधोमध वजनदार पिशवी टांगा, शटरला बोट लावायच्याऐवजी २ किंवा १० सेकंदांचा टायमर वापरा. लाकडी जमिनीवर किंवा गच्चीवर कुणी चालत असेल तर त्यांना थोडा वेळ बसवा.

ग्रह स्क्रीनवर येतच नाही ही तक्रारही याच घरातली. २४०० मिमी फोकल लांबी आणि ४.८ मिमी रुंदीचा सेन्सर असेल तर तुम्हाला आकाशाचा सातेक कलांचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) तुकडा दिसतो, पौर्णिमेच्या चंद्राच्या पाव भागाहून कमी, आणि ट्रॅकिंग बंद असलं तर ग्रह तो तुकडा अर्ध्या मिनिटाच्या आत पार करून निघून जातो. म्हणून फाइंडर (नळीवरची छोटी दुर्बीण) दिवसा लांबच्या एखाद्या टॉवरच्या टोकावर जुळवून ठेवा, रात्री चाचपडायला नको.

दिवसा दुर्बीण काढताना एकच गोष्ट. सूर्याच्या जवळपास नळी न्यायची नाही, फाइंडरही नाही. शुक्र आणि बुध सूर्याच्या जवळ असतात आणि त्यांना शोधताना नळी चुकून सूर्यावर जाऊ शकते, क्षणार्धात डोळा कायमचा जातो. सूर्य पूर्ण मावळल्याशिवाय किंवा भिंतीच्या पक्क्या आडोशाशिवाय हे दोन ग्रह शोधायला जाऊ नका, आणि मुलं आजूबाजूला असतील तर दुर्बीण उघडी सोडून आत जाऊ नका.

बार्लो आणि मॅग्निफिकेशन

मोठं म्हणजे चांगलं असं वाटून २ एक्सवर आणखी २ एक्स चढवलेली मी बघितलीये. हिशोब सोपा आहे, कॅमेऱ्याच्या पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्या, त्याला ५ नं गुणा, येईल त्या एफ रेशोच्या (फोकल लांबी भागिले तोंडाचा व्यास) आसपास राहा. पिक्सेल २.९ मायक्रॉनचा असेल तर साधारण एफ १५. म्हणजे एफ ५ च्या रिफ्लेक्टरला ३ एक्स बार्लो, एफ १० च्या श्मिट-कॅसेग्रेनला दीड एक्स, आणि एफ १२-१३ च्या माक्सुटोव्हला काहीच नको. त्याच्या पुढे गेलात की ग्रह मोठा होतो पण तपशील तेवढाच राहतो, उजेड मात्र पातळ होतो, मग एक्स्पोजर लांबवावं लागतं आणि हवा सगळं फासून टाकते.

दुर्बिणीलाही मर्यादा आहे. ११६ ला तोंडाच्या मिलिमीटरमधल्या व्यासानं भागा, तेवढे आर्कसेकंद. १०० मिमीला १.१६, २०० मिमीला ०.५८. तुमचा फोटो या आकड्याच्या आसपास पोचला असेल तर तो धूसर नाहीये, तो तुमच्या दुर्बिणीचा उत्तम फोटो आहे. हे मी मनापासून सांगतोय, कारण चांगले फोटो काढणारी माणसं १४ इंची दुर्बिणीचे फोटो बघून स्वतःचे फोटो पुसून टाकतात, आणि ते बघून फार वाईट वाटतं.

एक फोटो नको, व्हिडिओ

हवा क्षणाक्षणाला बदलते, त्यामुळे एकच फोटो म्हणजे नशिबाचा खेळ. व्हिडिओ घ्यायचा, हजारो फ्रेममधून चांगल्या तेवढ्या निवडायच्या आणि एकावर एक रचायच्या. २५०० फ्रेम रचल्या की दाण्यांचा त्रास ५० पटींनी कमी होतो, मगच तो फोटो कोरण्याइतका मजबूत होतो.

सेर किंवा न दाबलेला एव्हीआय फॉरमॅट ठेवा. मोबाईल व्हिडिओ दाबूनच ठेवतो, त्याला पर्याय नसेल तर निदान सगळ्यात जास्त बिटरेट निवडा आणि डिजिटल झूम बंद करा. ग्रहाभोवती ६४० बाय ४८० चा छोटा चौकोन घेतला की फ्रेमचा वेग वाढतो.

लांबी महत्त्वाची. गुरू ९ तास ५५-५६ मिनिटांत स्वतःभोवती फिरतो, म्हणजे मिनिटाला ०.६ अंश, आणि तबकडीच्या मधोमध तेवढ्यात पाव आर्कसेकंद सरकतो. २०० मिमीच्या दुर्बिणीला दोन-तीन मिनिटांच्या पुढचा व्हिडिओ गुरूच्या स्वतःच्या फिरण्यानंच मऊ होतो. लोक दहा-दहा मिनिटं घेतात आणि मग फोकसला दोष देतात. शनी आणि मंगळाला चार-पाच मिनिटं चालतात. जास्त हवं असेल तर दोन-दोन मिनिटांचे सुटे व्हिडिओ घ्या आणि विनज्युपॉस या सॉफ्टवेअरमध्ये ते फिरणं उलटं काढून जोडा.

प्रोसेसिंग

फ्रेम रचणाऱ्या ऑटोस्टॅकर्टमध्ये हवा वाईट असेल तर वरच्या १०-१५ टक्के फ्रेम ठेवा, बरी असेल तर ३०-४०. मग रेजिस्टॅक्समध्ये वेव्हलेट, म्हणजे तपशील कोरून काढायचे स्लायडर. इथे हात आवरा. स्लायडर पुढे नेला की पट्टे उठून येतात आणि फार बरं वाटतं, आणखी थोडं, आणखी थोडं करत कडेला पांढरी रेघ येते आणि मंगळाला तर कडेच्या आत दुसरी खोटी कड येते. माझी सवय अशी की छान वाटलं तिथून एक पाऊल मागे यायचं, फाइल बंद करायची आणि सकाळी परत बघायची. वर्तुळं येत असतील तर हिस्टोग्राम फार खाली होता किंवा फ्रेम कमी पडल्या, ते आधी सुधारा.

निळी-लाल कड असेल तर याच सॉफ्टवेअरमधलं रंग जुळवायचं बटण दाबा. निळा प्रकाश हवेत जास्त वाकतो म्हणून निळी प्रतिमा आकाशात जराशी वर बसते आणि लाल खाली, ३० अंशांच्या उंचीवर हा फरक दोन-अडीच आर्कसेकंदांचा होतो, म्हणजे २०० मिमी दुर्बिणीच्या मर्यादेच्या चौपट. सॉफ्टवेअर तिन्ही रंग परत एकमेकांवर बसवतं. पण प्रत्येक रंगाच्या आत झालेलं पसरणं त्यानं जात नाही. त्यासाठी दोन प्रिझमवाला एडीसी (हवेनं वेगळे केलेले रंग जुळवणारं उपकरण) मिळतो, पण ग्रह उंच असताना त्याची गरज नसते, म्हणून आधी वाट बघा, मग खरेदी.

आता कॉलिमेशन

इथपर्यंतचं सगळं झालं, दुर्बीण गार आहे, ग्रह ५० अंशांवर आहे, फोकस जागेवर आहे, आणि तरीही तीच कड रोज त्याच बाजूला फासलेली आहे, तरच.

आधी नुसती तपासणी. मध्यम ठळक तारा घ्या, ट्रॅकिंग नसेल तर उत्तर गोलार्धात ध्रुवतारा सगळ्यात सोयीचा कारण तो जागचा जवळजवळ हलत नाही. बरोबर मधोमध ठेवा, मधोमध म्हणजे मधोमधच, कडेला ठेवून केलेली तपासणी खोटी येते. मोठं मॅग्निफिकेशन लावा, फोकस अगदी थोडा बाहेर न्या, चार-पाच वर्तुळं दिसतील इतकाच. वर्तुळं एकाच केंद्राभोवती असतील तर कॉलिमेशन ठीक आहे, स्क्रूला हात लावू नका. एका बाजूला दाटली असतील तर पुढे जा.

रिफ्लेक्टरला दिवसाउजेडी कॉलिमेशन कॅप (मधोमध भोक असलेलं झाकण) लावून छोट्या आरशात मोठ्या आरशाच्या सगळ्या क्लिपा दिसतात का ते बघा, मग मोठ्या आरशाचे मागचे स्क्रू, एका वेळी पाव फेरा. शेवट ताऱ्यावरच करा. श्मिट-कॅसेग्रेनला पुढच्या छोट्या आरशावर तीन स्क्रू असतात. मधली काळी सावली ज्या बाजूला सरकलीये, त्याच बाजूला माउंटनं (दुर्बीण फिरवणाऱ्या बैठकीनं) तारा क्षेत्राच्या कडेपर्यंत न्या, आणि मग स्क्रू अगदी थोडे फिरवून तो परत मध्यभागी आणा. एक स्क्रू आवळताना जड लागला तर जोर लावू नका, बाकीचे दोन जरासे सैल करा. काही मॉडेलमध्ये मधोमध आणखी एक स्क्रू असतो ज्यावर अख्खा आरसा टांगलेला असतो, तो कधीही सोडवायचा नाही. आणि रात्री हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन काचेसमोर काम करत असाल तर त्याला दोरी बांधून मनगटात अडकवा.

इथे थांबा आणि जाणकाराकडे न्या

माक्सुटोव्हचं कॉलिमेशन बिघडलेलं दिसलं तर घरी करू नका. काही मॉडेलमध्ये ते करायची सोयच बाहेरून दिलेली नसते.

तारा फोकसच्या आत नेल्यावर उभा अंडाकृती आणि बाहेर नेल्यावर आडवा होत असेल तर आधी आयपीस फिरवून बघा. अंडाकृती आयपीसबरोबर फिरली तर दोष आयपीसचा. तुम्ही मान फिरवल्यावर फिरली तर तुमच्या डोळ्याचा, तो चष्मेवाल्याकडे जायचा विषय आहे. कशानंच फिरत नसेल तर आरसा किंवा भिंग कुठेतरी दाबलं गेलंय. रिफ्लेक्टरमध्ये मोठ्या आरशाच्या क्लिपा फार आवळलेल्या असतील तर कागद जेमतेम सरकेल इतक्या सैल करा, तेवढं तुम्ही करू शकता. त्यानं गेलं नाही तर थांबा.

भिंगाच्या आतल्या बाजूला कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे. रिफ्रॅक्टरचं भिंग स्वतः उघडू नका, आतल्या काचांचा क्रम, तोंडं आणि मधलं अंतर ठरलेलं असतं, चुकीच्या बाजूनं परत बसवलं तर आधीपेक्षा वाईट होतं. श्मिट-कॅसेग्रेनची पुढची काचही तशीच, तिचा आतल्या आरशाशी कोन जुळवून बसवलेला असतो.

आरशाचं कोटिंग ठिपक्या-ठिपक्यांनी गेलंय, प्रकाशासमोर धरल्यावर आरपार दिसतंय, तर ते घासून येणार नाही, नव्यानं ॲल्युमिनियमचा थर चढवणाऱ्यांकडेच न्यावं लागतं. माउंटची मोटर झटके देत असेल, करकरत असेल, तर केबल आणि बॅटरी बदलून बघा, त्यापुढे गिअरबॉक्स उघडू नका.

न्यायच्या आधी एक काम करून ठेवा. त्याच ताऱ्याचे फोकसच्या जरा आत आणि जरा बाहेर असे दोन्हीकडचे छोटे व्हिडिओ घ्या, दुर्बीण तासभर गार करून, आणि त्या वेळी नळीची कुठली बाजू वर होती तिथे चिकटपट्टीची खूण करा. नुसतं धूसर येतं असं सांगितलं तर दुरुस्ती करणाऱ्याला सगळं पहिल्यापासून शोधत बसावं लागतं. हे दोन व्हिडिओ दाखवले तर त्याला दोष कुठल्या काचेत शोधायचा याचा अंदाज तिथल्या तिथे येतो, आणि बाकीच्या काचा विनाकारण उघडल्या जात नाहीत.